माणसाचा पत्ता आणि माणसाची पत

घर घेण्याची गोष्ट निघाली की आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांत एक सल्ला हमखास दिला जातो. पाणी किती वेळ येते, स्टेशन किती लांब आहे, कर्जाचा हप्ता किती बसेल, या प्रश्नांच्याही आधी तो येतो. "त्या बाजूला नको, तिकडे सगळी 'ती' माणसे आहेत." हा सल्ला देणारी व्यक्ती वाईट नसते. बहुधा ती रविवारची मिस्सा न चुकवणारी, उपवासकाळात दानपेटीत सढळ हाताने टाकणारी, शेजाऱ्याच्या आजारपणात रात्र जागवणारी असते. म्हणूनच या सल्ल्याची झडती घेणे आम्हांला अगत्याचे वाटते. दुर्जनाच्या तोंडी शोभणारे मत सज्जनाच्या तोंडी इतक्या सहजतेने का यावे?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. देशात संख्येने थोडा असलेला एखादा समाज एका गावात किंवा वस्तीत संख्येने मोठा झाला, की त्या वस्तीकडे संशयाने पाहावयाचे आणि तेथील प्रत्येक माणसाची पत त्याच्या पत्त्यावरून ठरवावयाची, ही सवय अन्याय्य आहे. ती अज्ञानातून आलेली आहे, आणि ख्रिस्ती माणसाला तर ती मुळीच परवडणारी नाही. कारण आपण स्वतः अशाच वस्त्यांची माणसे आहोत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शेकडा एकही भरत नाहीत. तो आकडा ०.९६ आहे. परंतु वसईच्या पश्चिम पट्ट्यातील कित्येक गावांत आपणच बहुसंख्य आहोत. तेथील वाटांवर क्रूस उभे आहेत आणि गावाचा दिवस चर्चच्या घंटेने उगवतो व मावळतो. त्या गावांना उद्या कोणी संशयाचे नाव दिले तर आपल्या अंगाचा तिळपापड होईल. मग इतरांच्या गावांना आपण नावे ठेवतो तेव्हा आपली जीभ का अडखळत नाही?

ही चर्चा हवेत राहू नये म्हणून आम्ही मोहन्यापासूनच सुरुवात करतो. उल्हास नदीकाठचे, कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतील, आंबिवली स्टेशनालगतचे हे गाव. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन म्हणजे एनआरसी या कारखान्याने त्याला रूप दिले. मराठी, उत्तर हिंदुस्थानी, तमिळ, मल्याळी अशी नाना भाषांची माणसे येथे एकाच भोंग्यावर कामाला जात होती. कोणाची संख्या किती याचा हिशेब भोंग्याने कधी विचारला नाही. २००९ साली कारखान्याला टाळे लागले. हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकून पडली, वसाहतीला अवकळा आली आणि पुढे तेथील घरेही पाडली जाऊ लागली. एकत्र आणणारे काम गेले की माणसे आपापल्या जातभाईंच्या आसऱ्याला जातात, आणि मग कोण कोठे किती आहेत याची मोजदाद सुरू होते. ही मोजदाद काही माणसाच्या रक्तातून येत नाही. पोटाची आणि जिवाची सुरक्षितता हरपली की ती जन्माला येते.

आता याच गावात उभे राहून चहूकडे पाहू. शहाड ओलांडले की उल्हासनगर. नदीपलीकडे भिवंडी. कल्याणहून मुंबईकडे निघाले की दिव्यापुढे मुंब्रा. आणि अगदी उशाशी, आंबिवली स्टेशनाजवळ, इराणी वस्ती. चारही ठिकाणी अल्पसंख्य म्हणवला जाणारा समाज भरून राहिलेला आहे, आणि चारही ठिकाणांबद्दल आपल्या घरांतून एकेक तयार मत आहे. ही ठिकाणे अशी कशी झाली, हे मात्र फार थोड्यांनी विचारले असेल.

उल्हासनगर हे फाळणीचे अपत्य. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या कल्याणच्या छावण्यांत सिंधमधून उखडलेल्या सुमारे एक लाख माणसांना आणून ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावण्यांचे 'उल्हासनगर' झाले. म्हणजे सिंध्यांनी एकत्र राहण्याचा कट केला नव्हता. त्यांना सरकारने एकत्र ठेवले, तेही सैनिकांनी रिकाम्या केलेल्या बराकींत. त्यांची भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत यावयाला १९६७ साल उजाडले. तोवर आणि त्यानंतरही 'निर्वासित' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला गेला आणि त्यांच्या मालावर नकलीपणाचे विनोद झाले. बराकींतून बाजारपेठ उभी करणाऱ्या त्या कष्टाची वाखाणणी मात्र क्वचितच झाली.

भिवंडीची कथा जुनी आहे. खाडीकाठचे कोकणी मुसलमान तेथे पूर्वापार राहत आहेत. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी तेथे माग मांडले. हातमागाचे यंत्रमाग झाले आणि त्या खडखडाटावर देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या, सर्व धर्मांच्या मजुरांची पोटे भरू लागली.

मुंब्र्याचा इतिहास ताजा आहे आणि रक्ताने लिहिलेला आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत नऊशे माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाने दिलेला तपशील असा: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ इतर. त्यानंतर ज्यांना आपल्या चाळीत, आपल्या गल्लीत पुन्हा झोप लागेना, अशी असंख्य मुसलमान कुटुंबे मुंब्रा-कौशाकडे आली. आपल्यासारख्यांनी आपल्यासारख्यांत राहावे ही त्यांची हौस नव्हती. जिवंत राहावे एवढीच इच्छा होती. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ च्या अहवालात हेच नोंदवले आहे: भीतीपोटी मुसलमान एका ठिकाणी गोळा होतात, आणि ते गोळा झाले की नागरी सोयी त्या वस्तीकडे पाठ फिरवतात. आधी माणसाला ढकलावयाचे, मग तो जेथे जाऊन पडला तेथे गटार का तुंबले म्हणून त्यालाच दोष द्यावयाचा, असा हा न्याय आहे.

आता कोणी म्हणेल, एका समाजाने एकत्र राहणे हेच मुळी वाईट, मग कारण काहीही असो. हे मत प्रामाणिक असेल तर आम्ही त्याचा आदर करू. पण ते सर्वांना सारखे लावले पाहिजे. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली चित्रापूर सारस्वतांसाठी निघाली. आशियातील ती पहिली सहकारी गृहसंस्था म्हणून आपण तिचा गौरव करतो. दादरची पारशी कॉलनी तिच्या वृक्षराजीसाठी वाखाणली जाते. वांद्र्याला साष्टी कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तिच्याबद्दल आपल्याला अभिमान आहे. या वसाहतींना 'मिनी' अमुक कोणी म्हणत नाही. एवढेच नव्हे, २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम कायदेशीर ठरवला.

म्हणजे एकत्र राहण्याला आपला विरोध नाही. गरिबांनी एकत्र राहण्याला आहे. सुस्थितीतल्या समाजाने आतून कडी लावून घेतली तर ती 'संस्कृती जपणे' ठरते, आणि ज्याच्यावर बाहेरून कडी लावली गेली त्याची वस्ती 'धोकादायक' ठरते. आतली कडी आणि बाहेरची कडी यांतला हा फरक जो पाहत नाही, त्याने अल्पसंख्याकांच्या वस्त्यांविषयी बोलू नये. आणि आतल्या कडीच्या बाबतीतही आमचे मत स्पष्ट आहे. न्यायालयाने मोकळीक दिली म्हणून ती प्रत्येक मोकळीक घेतलीच पाहिजे असे नाही. 'फक्त कॅथलिकांसाठी' अशी पाटी लावणाऱ्याला उद्या दुसऱ्या दारावरची 'कॅथलिक नकोत' ही पाटी वाचावी लागली, तर तक्रार करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

वस्तीच्या नावाने माणूस किती दुखावला जातो, हे नगर आणि जालना जिल्ह्यांतून मुंबई-ठाण्याकडे आलेल्या आपल्या कुटुंबांना कोणी शिकवण्याची गरज नाही. गावकुसाबाहेरच्या वाड्याचे नाव पोस्टाच्या पाकिटावर असे आणि पाकीट फोडण्यापूर्वीच वाचणाऱ्याचा चेहरा बदले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये अशी जातिवाचक वस्तिनामे बदलण्याचा निर्णय घेतला. राज्याला जे उशिरा का होईना कळले, ते आपल्या जेवणाच्या टेबलावर कळावयाला आणखी किती वर्षे लागणार? मुंब्र्याला आणि तत्सम वस्त्यांना शेजारच्या शत्रुराष्ट्राचे नाव देणे हा याच जुन्या रोगाचा नवा प्रकार आहे. कर्नाटकातील उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी बंगळूरच्या एका मुस्लिमबहुल भागाला असेच नाव दिले, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बजावले की भारताच्या कोणत्याही भागाला पाकिस्तान म्हणता येणार नाही. ही समज न्यायमूर्तींना द्यावी लागते, तर आपल्यापैकी ज्यांची जीभ सैल आहे त्यांना ती लागू नाही असे कसे मानावे?

आता सर्वांत अवघड ठिकाणी येऊ. आंबिवलीच्या इराणी वस्तीचे नाव वर्तमानपत्रांत येते ते सोनसाखळी चोरीच्या बातम्यांत. आरोपीला पकडावयास आलेल्या पोलिसांवर तेथे दगडफेक झाल्याच्या बातम्याही एकदा नव्हे, अनेकदा आल्या आहेत. याकडे डोळेझाक करा असे आम्ही म्हणत नाही. रस्त्याने जाणाऱ्या वृद्धेच्या गळ्यातील मंगळसूत्र किंवा क्रूसाची साखळी ओढून नेणे हा क्रूर गुन्हा आहे, आणि पोलिसांवर दगड फेकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण गुन्हा माणूस करतो. आरोपपत्रात नाव माणसाचे लागते, वस्तीचे लागत नाही.

ज्यांना आपण 'इराणी' या एका शब्दात गुंडाळतो, ती माणसे कोण आहेत? त्यांचे पूर्वज इराणकडून व्यापारासाठी भटकत आले. घोडे, चाकू-कात्र्या, चष्मे, रंगीत खडे विकत ती गावोगाव हिंडली. पंथाने ती शिया. मोहरमचा शोक ती पाळतात, आणि फारसीशी नाते सांगणारी बोली घरात बोलतात. म्हणजे भारतात अल्पसंख्य असलेल्या मुसलमानांतही ही अल्पसंख्य, आणि महाराष्ट्रातील शियांतही मूठभर. अशा मूठभरांच्या वस्तीतील मुलगा नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहितो तेव्हा त्याचा अर्ज कोठे जातो, याचा विचार आपण केला आहे काय? सरळ मार्गाच्या प्रत्येक दारावर पत्ता पाहून नकार मिळाला, तर उरलेल्या एकाच दाराकडे तो वळेल, आणि मग आपणच म्हणू, "पाहा, आम्ही सांगत होतो!" या भाकिताला खरे करण्याचे काम भाकीत करणारेच करीत असतात.

संपूर्ण समाजाला चोर ठरवण्याची ही पद्धत आपल्याकडे कायद्याने आणली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मूल जन्मतःच गुन्हेगार ठरू लागले. सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसे कोंडली गेली. आणि ख्रिस्ती वाचकांनी हेही लक्षात ठेवावे की देशातील अशा काही वसाहती चालवण्यास साल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्था पुढे झाल्या होत्या. हेतू सुधारणेचा असेल. कुंपण कुंपणच होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण डाग गेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतील जातिभेदासंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की विमुक्त जमातींच्या माणसांना सराईत गुन्हेगार समजता येणार नाही. पारध्यांच्या पालाबद्दल जो न्याय खरा, तोच आंबिवलीच्या वस्तीलाही लागू व्हावयास हवा.

आमच्या विरोधात आणखी एक मुद्दा मांडला जाईल, आणि तो पोकळ नाही. "ते जेथे बहुसंख्य होतात तेथे आपल्याला कोठे सुखाने राहू देतात?" आम्ही उत्तर देतो: कसोटी हीच आहे, पण ती प्रत्येक बहुसंख्याची आहे, आपलीही आहे. मिझोराममध्ये ख्रिस्ती शेकडा ८७ आहेत. तेथे १९९७ साली एका मिझो वनरक्षकाचा खून झाला; खून करणारे ब्रू जमातीतील सशस्त्र गटाचे होते. शिक्षा मात्र साऱ्या ब्रूंना झाली. हजारो माणसे घरेदारे सोडून त्रिपुरात पळाली. दोन दशकांहून अधिक काळ छावण्यांत काढल्यावर जानेवारी २०२० च्या कराराने सुमारे ३४,००० ब्रूंना त्रिपुरातच वसवण्याचे ठरले. म्हणजे एकाच्या गुन्ह्यासाठी वस्ती उठवणारे हात क्रूसाचे चिन्ह करणारेही असू शकतात. संख्येचा माज हा कोणत्याही एका धर्माचा गुण नव्हे. तो बहुमताचा मोह आहे, आणि तो गल्लीतल्या बहुमतालाही होतो.

त्याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. भिवंडी १९७० मध्ये जळाली, १९८४ मध्ये पुन्हा जळाली. पुढे १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे आणि पोलीस शिपाई एका सतरंजीवर नियमाने बसू लागले, भांडणे लहान असतानाच मिटू लागली. आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना, जिच्या नावाने सारा ठाणे जिल्हा धसका घेई ती भिवंडी शांत राहिली. लोकसंख्येचे प्रमाण तेच होते, गल्ल्या त्याच होत्या. फरक पडला तो माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागल्यामुळे.

वसईतील आपल्या बांधवांनाही आमचे दोन शब्द आहेत. 'परके येऊन आमची गावे भरली' ही हाकाटी तिकडे वाढत आहे. बिल्डरांनी जमिनी गिळल्या, पाण्याचे टँकर वाड्यांतून नेले, याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८९ पासून हरित वसईचा जो लढा उभारला तो आपल्या समाजाचे भूषण आहे. पण तो लढा जमीन आणि पाणी लुटणाऱ्यांविरुद्ध होता. त्यात हिंदू आणि ख्रिस्ती खांद्याला खांदा लावून उभे होते. विरारच्या एका खोलीत सहा माणसांनी राहणाऱ्या भाडेकरूविरुद्ध तो नव्हता. लुटणारा आणि आसरा शोधणारा यांतला भेद विसरला, तर त्या लढ्याचे नाव घेण्याचाही हक्क आपण गमावू.

शेवटी शुभवर्तमानाकडे येऊ. कारण आमच्या वाचकांना घटनेपेक्षा, जनगणनेपेक्षा आणि न्यायालयापेक्षा त्याचा अधिकार मोठा वाटतो, आणि तसाच तो वाटला पाहिजे. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात फिलिप नथनेलला येशूविषयी सांगतो. नथनेल कपटी नव्हता. प्रभूने स्वतः त्याच्या निष्कपटतेची साक्ष दिली आहे. तरीही नाझरेथचे नाव ऐकताच त्याने विचारले, की त्या गावातून काही चांगले कसे निघणार? सज्जनाच्या तोंडी येणारा हाच तो सल्ला, दोन हजार वर्षांपूर्वीचा. तारणाऱ्या प्रभूची पहिली पारख त्याच्या पत्त्यावरून झाली! पुढे महायाजकाच्या अंगणात पेत्र ओळखला गेला तोही त्याच्या गालीली बोलण्यावरून. परक्या बोलीची आणि हिणवलेल्या गावाची माणसे, अशीच आपल्या श्रद्धेची पहिली पिढी होती. फिलिपाने नथनेलशी वाद घातला नाही. त्याने त्याला स्वतः येऊन पाहावयास सांगितले, आणि नथनेल उठून गेला. त्याचे मोठेपण त्या उठून जाण्यात आहे.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. ज्यांच्या नावावर भाड्याने देण्यासारखी एखादी जास्तीची खोली आहे, त्यांनी भाडेकरूची ऐपत आणि वर्तन पाहावे, आडनाव पाहू नये. ज्यांच्या हाती आपल्या शाळांचे प्रवेश आणि आपल्या संस्थांतील नेमणुका आहेत, त्यांनी अर्जावरील पत्त्याचा रकाना पत्र पाठवण्यापुरताच वाचावा. संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद गरिबांच्या घरी जातात. त्यांच्या फेरीत ज्या वस्तीचे नाव काढताच आवाज खाली जातो, तिचाही समावेश व्हावा. आणि ज्या घरात मुलांसमोर 'त्या' माणसांचा आणि 'त्या' बाजूचा उद्धार होतो, तेथे आईबापांनी जिभेला लगाम घालावा. कारण मुले धर्मशिक्षणाच्या तासाला ऐकलेले विसरतात, जेवताना ऐकलेले विसरत नाहीत.

आंबिवली स्टेशन मोहन्याच्या दाराशी आहे. त्याच्या पलीकडची वस्ती पाहावयास दहा मिनिटे पुरतात. नथनेलला याहून लांब चालावे लागले असेल.